उंचीवरून डावललं तर काय करायचं: नागपूरकरांसाठी कामाची माहिती

उंची कमी म्हणून माणसाला डावललं जातं का? होय, जातं. टिमोथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांनी २००४ साली अमेरिकेतल्या पगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय, लिंग आणि वजन यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही दर इंचामागे वर्षाला सुमारे ७८९ डॉलरचा फरक त्यांना दिसला. आपल्याकडे हे पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही. ते जाहिरातीतल्या ‘उंच व आकर्षक व्यक्तिमत्त्व’ या शब्दांत दिसतं, भरतीच्या मैदानावर दिसतं, सोयरिकीच्या बैठकीत दिसतं आणि वर्गात ‘काय बे टिल्ल्या’ या हाकेतही दिसतं.

या सगळ्यांवर एकच उपाय लावायला गेलं की वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. म्हणून आधी आपलं प्रकरण कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. अट नियमात लिहिलेली आहे, की कुठेही लिहिलेली नसताना कोणी मनाने लावली, की हा सरळ अपमान आहे? तिन्हींसाठी वेगळी दारं आहेत. पहिल्या दोन्हींत प्रश्न मात्र एकच विचारायचा: या कामात उंची नेमकी कुठे लागते?

एसटीच्या चालक भरतीचं उदाहरण घ्या. तिथे पुरुष चालकासाठी किमान १६० सेंटिमीटरसोबत कमाल १८० सेंटिमीटरचीही अट असते. क्लच-ब्रेकपर्यंत पाय पोचणं, स्टिअरिंग आणि आरसे या सगळ्याचा विचार त्यात आहे, म्हणूनच ती दोन्ही बाजूंनी आहे. अशी अट समजते. साड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायला साडेपाच फूट कशाला हवेत, याचं असं उत्तर कोणी देऊ शकत नाही.

उंची आधी नीट मोजा

घरच्या मोजमापात एक-दोन सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि भरतीत तेवढ्यावरच निकाल लागतो. भिंत अशी निवडा जिच्या तळाला स्कर्टिंगची पट्टी नाही. पट्टी असली की टाचा पुढे सरकतात आणि पाठ तिरपी होते. दाराची सपाट चौकट चालते. जमीन टाइल्सची हवी, सतरंजी किंवा पायपुसणं नको. अनवाणी उभे राहा, मोजेही काढा. अंबाडा, पोनी, क्लिप सगळं सोडा. टाचा जुळवून भिंतीला लावा, मग नितंब, खांद्याची पाती आणि जमलं तर डोक्याची मागची बाजू. नजर समोर ठेवा. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. हनुवटी वर केली की उंची वाढते असं पोरांना वाटतं, प्रत्यक्षात ती कमी भरते.

डोक्यावर वही ठेवून खूण करू नका, वही कलते. सुताराचा गुण्या घ्या, त्याची एक बाजू भिंतीला घट्ट लावा आणि दुसरी डोक्यावर टेकवा. केस दबतील इतपतच दाब द्या. खूण दुसऱ्याने करावी. जमिनीपासून खुणेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते. तीनदा मोजून सरासरी काढा. सकाळी उठल्यावर एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशी दोन्ही मापं लिहून ठेवा. दिवसभर उभं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत साधारण एक सेंटिमीटर कमी होतो. ठरवताना संध्याकाळचं माप धरा.

फूट-इंचाचा गोंधळही इथेच मिटवा. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. ५ फूट ५ इंच म्हणजे १६५.१ सेंटिमीटर, म्हणजे १६५ च्या अटीत तुम्ही एका मिलिमीटरने बसता. ‘५.४ फूट’ असं कधीच लिहू नका. त्याचा अर्थ ५ फूट ४ इंच होत नाही, जवळजवळ ५ फूट ५ इंच होतो.

भरतीतली लेखी अट

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर लागतात. राज्य राखीव दलात पुरुषांना १६८. पोलीस उपनिरीक्षकासाठी पुरुष १६५, महिला १५७. वनरक्षकासाठी पुरुष १६३ आणि महिला १५०. वनरक्षकासाठीच अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना १५२.५ आणि १४५. केंद्रीय दलांच्या जीडी (जनरल ड्यूटी) कॉन्स्टेबल भरतीत सर्वसाधारण अट पुरुषांना १७० आणि महिलांना १५७ आहे, पण अनुसूचित जमातीसाठी १६२.५ आणि १५०, आणि मराठा उमेदवारांसाठी १६५ आणि १५५ अशी सूट आहे. ही सूट आपोआप मिळत नाही. जाहिरातीसोबत दिलेल्या नमुन्यातच तहसील कार्यालयातून प्रमाणपत्र आणावं लागतं आणि मूळ प्रत मोजमापाच्या वेळी हातात असावी लागते. कित्येक पोरं इथेच कटतात. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण सवलती बदलतात.

आता या आकड्यांकडे जरा थांबून पाहा. जगभरच्या उंचीच्या मोठ्या अभ्यासात १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची १६४.९ सेंटिमीटर निघाली, आणि महिलांची १५२.६. म्हणजे १६५ ची अट देशातल्या जवळपास निम्म्या तरुणांना दारातच थांबवते. ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं मनात घेऊन रेशीमबागेच्या नाहीतर मानकापूरच्या मैदानावरून परत जाणाऱ्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवं. तो सरासरी उंचीचा आहे, अट सरासरीवर बेतलेली आहे.

मग ती अट कोर्टात पाडता येईल का? संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे. उंचीचा उल्लेख नाही. १४ व्या अनुच्छेदाखाली अट मनमानी आहे असा दावा करता येतो, पण गणवेशातल्या नोकऱ्यांत उंचीची अट टिकण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत १९७७ साली डोथर्ड विरुद्ध रॉलिन्सन खटल्यात अलाबामातल्या तुरुंग रक्षकांसाठीची ५ फूट २ इंच आणि १२० पौंडांची अट रद्द झाली, कारण ती बहुसंख्येने स्त्रियांना वगळत होती आणि कामाशी तिचा संबंध राज्याला दाखवता आला नाही. मिशिगन राज्यात १९७७ पासून आणि न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून नोकरीत उंचीवरून भेदभाव करायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि तो असायला हवा असं आमचं स्पष्ट मत आहे. पण तो येईपर्यंत एकट्या उमेदवाराने नियमाशी लढण्यात घरचे पैसे घालू नयेत. लढायचं ते चुकीच्या मोजमापाशी.

मोजमाप चुकलं असं वाटलं तर मैदान सोडू नका. अपिलाची मुदत बहुतेक वेळा त्याच दिवसापुरती असते. तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याकडे चार ओळींचा लेखी अर्ज द्या: नाव, चेस्ट नंबर, मोजमापाची वेळ, नोंदवलेला आकडा, तुमचा आकडा आणि फेरमोजणीची विनंती. दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. नुसती पोच मागितली तरी मोजणारा दुसऱ्यांदा नीट पाहतो. फेरमोजणीत तोच आकडा आला तर निकाल मान्य करा. वेगळा आला पण नोंद बदलली नाही, तर पुढची पायरी माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्जात ‘का नाकारलं’ असं विचारू नका. ‘माझ्या मोजमाप नोंदपत्राची प्रत आणि वापरलेल्या उपकरणाच्या तपासणीची नोंद द्यावी’ असं मागा, कारण या कायद्याखाली कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. राज्य सरकारच्या भरतीचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो आणि त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे. अंतिम आदेशापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

सकाळचा नंबर मिळाला तर घ्या आणि आदल्या रात्री पूर्ण झोपा. केसात काही भरणं, टाचेखाली काही चिकटवणं हे उपाय मात्र पकडले जातात. उमेदवारी रद्द होते, गुन्हाही दाखल होऊ शकतो, आणि मग दुसऱ्या सगळ्या भरत्यांचं दार बंद होतं.

जिथे अट लिहिलेलीच नाही

खासगी नोकरीत कायद्याचा आधार कमी आहे. हे कडू आहे, पण माहीत असलेलं बरं. म्हणून इथे तयारीवर भर द्या. बायोडेटात उंची लिहू नका. कामाशी संबंध नसताना ती स्वतःहून कशाला सांगायची? मुलाखतीत ‘हाइट थोडी कमी आहे’ असं कोणी म्हटलं तर सफाई देऊ नका. शांतपणे विचारा, ‘या कामात कुठे अडचण येईल असं वाटतं, सर?’ समोरच्याला एखादं ठोस काम सांगावं लागतं. ‘वरच्या रॅकवरून माल काढावा लागतो’ असं उत्तर आलं, तर ‘शिडी आहे ना? आत्ता काढून दाखवतो’ म्हणा. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात एका पाळीची चाचणी मागणं यात काही वावगं नाही. ठोस उत्तर आलंच नाही, तर नंतर असा मेल पाठवा:

‘मी दि. … रोजी … या पदासाठी मुलाखत दिली. उंचीमुळे निवड होऊ शकत नाही असे तोंडी सांगण्यात आले. जाहिरातीत उंचीची अट नव्हती. या पदाच्या कोणत्या कामासाठी किमान किती उंची आवश्यक आहे, हे कृपया लेखी कळवावे. काम प्रत्यक्ष करून दाखवण्याची माझी तयारी आहे.’

मेलमध्ये राग नको, धमकी नको. उत्तर येईलच असं नाही, पण मोठ्या कंपनीत असं पत्र मुलाखत घेणाऱ्याच्या वर पोचतं आणि तिथे कारण द्यावं लागतं.

सुरक्षा रक्षकाच्या कामात एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. काही एजन्सी साडेपाच-पावणेसहा फूट मागतात, पण खासगी सुरक्षा एजन्सींसाठी केंद्राने केलेल्या आदर्श नियमांत पुरुषांना १६० आणि महिलांना १५० सेंटिमीटर पुरतात. जास्तीची अट त्या एजन्सीची किंवा तिच्या ग्राहकाची असते, सरकारची नव्हे. दवाखाना, गोदाम, रात्रपाळीचं गेट अशा जागांसाठी त्याच एजन्सीत पुन्हा विचारा.

१४७ सेंटिमीटर किंवा कमी उंची असेल तर

इथे कायदा खंबीरपणे तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार दिले आहेत, त्यात खुजेपणा आहे. व्याख्या अशी: वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणामुळे प्रौढपणी उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. घरात सगळेच ठेंगणे आहेत आणि तुमची उंची १४६ आहे, एवढ्याने व्याख्येत बसाल असं नाही; कारणाचा वैद्यकीय कागद लागतो.

प्रमाणपत्रासाठी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने रिपोर्ट लागतात. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत तपासणीचा दिवस आधी विचारून घ्या. लहानपणापासूनचे एक्स-रे, हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. हात-पाय वाकडे असणं, सांध्यांचा त्रास, पाठीच्या मणक्याची तक्रार हे सगळं स्वतः सांगा. फक्त उंची मोजून घेतली आणि बाकी तक्रारी नोंदल्याच गेल्या नाहीत, तर टक्केवारी कमी येते. आरक्षणासाठी ४० टक्के लागतात. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत. त्यातला १ टक्का ज्या गटासाठी आहे त्यात खुजेपणा येतो. उच्च शिक्षणात सरकारी आणि अनुदानित संस्थांत दिव्यांगांसाठी ५ टक्के जागा आहेत. जाहिरातीत कोणतं पद तुमच्या प्रकारासाठी ठरवलंय ते ‘डीडब्ल्यू’ या खुणेवरून कळतं.

४० टक्के भरले नाहीत तरी अपमानापासूनचं संरक्षण जात नाही. कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत, मानहानी करण्याच्या हेतूने अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. तक्रारीत ‘मला चिडवलं’ एवढंच लिहू नका. नेमके शब्द, जागा, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं लिहा, कारण ‘लोकांदेखत’ आणि ‘हेतू’ हे दोन मुद्दे सिद्ध करावे लागतात. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने त्यात संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. ते धोरण लेखी मागा. दाद मिळाली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

कामाची जागा आपल्या मापाची करून घ्या

‘हिला जमत नाही’ असं ज्या कामाबद्दल बोललं जातं, त्यातली बरीच अडचण टेबलाची असते. उभ्याने करायच्या हलक्या कामाला टेबल कोपरापेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली हवं. कामावर घालता त्या चपला घालून उभे राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपर मोजा. समजा कोपर ९२ वर आहे आणि काउंटर १०० सेंटिमीटरचं आहे. काउंटर ८५ वर यायला हवं, म्हणजे १५ सेंटिमीटरची फळी पायाखाली लागेल.

ही फळी सुताराकडून करून घ्या. वर १८ मिलिमीटर प्लाय, खाली लाकडी चौकट आणि मधोमध एक आडवा दांडा, नाहीतर प्लाय मधून झोळ खातं. खोली किमान ६० सेंटिमीटर, लांबी जितकं सरकावं लागतं तितकी. वर खाचांची रबरी मॅट, पायांना रबरी बुश, कडेला पिवळी पट्टी. प्लास्टिकचं स्टूल वापरू नका. टाइल्सवर त्याचे पाय फाकतात. अरुंद फळी त्याहून वाईट, कारण माल घेऊन एक पाऊल मागे टाकलं की माणूस पडतो. २० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची लागली तर दोन पायऱ्या करा.

बसून काम असेल तर खुर्ची टेबलाच्या मानाने वर घ्या आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली तिरपी पायटेक ठेवा. पाय अधांतरी राहिले की मांडीची खालची बाजू दबते आणि मुंग्या येतात. गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची जागा उरत नसेल तर पाठीमागे उशी लावा. मालकाकडे मागताना ‘मला त्रास होतो’ असं म्हणू नका. मापं आणि सुताराचा अंदाज लिहिलेला कागद द्या. खर्च समोर दिसला की लवकर होकार मिळतो.

शाळा, सासर, सोयरीक

प्रार्थनेच्या रांगेत उंचीने उभं करणं हा भेदभाव नाही. रोज त्याच मुलाला ‘टिल्लू’ म्हणून पुढे ओढणं हा आहे. वर्गशिक्षकांकडे एकच नेमकी मागणी घेऊन जा: नावानेच हाक मारावी. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी द्या. शिक्षकच चिडवत असतील तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ लिहा. पहिली ते आठवीच्या मुलांचा मानसिक छळ त्यात निषिद्ध आहे.

सासरी उंचीवरून टोमणे मारणं, बाहेरच्यांसमोर हसं करणं हे कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ प्रमाणे शाब्दिक आणि भावनिक हिंसेत बसतं. ‘आमच्यात असंच बोलतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, १८१ वर फोन करता येतो.

परिचय मेळाव्याच्या फॉर्ममध्ये खरी उंची लिहा, फूट-इंच आणि सेंटिमीटर दोन्ही. दोन इंच वाढवले की पहिल्या भेटीत बोलणं उंचीवरच सुरू होतं आणि बाकी सगळं मागे पडतं.

उंची वाढवण्याच्या औषधांबद्दल

वाढ होते ती हाडांच्या टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांतून. मुलींमध्ये त्या साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ च्या सुमारास बंद होऊ लागतात. त्या बंद झाल्यावर कोणतीही पावडर, गोळी किंवा लोंबकळण्याचा व्यायाम हाड लांब करू शकत नाही.

मूल चौथ्या वर्षानंतर वर्षाला ५ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, किंवा वर्गात मागे पडत पडत सगळ्यांत बुटकं होत असेल, तर मात्र वेळ घालवू नका. बालरोगतज्ज्ञ वाढीचा तक्ता, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे पाहतात. एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे आणि त्याने वाढ मागे पडते, म्हणून सिकलसेलची तपासणी स्वतःहून मागा. जुन्या उंचीच्या नोंदी तारखेसह न्या. एका दिवसाच्या मापावरून वेग कळत नाही.

उंची वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढा आणि उत्पादनाचं नाव, निर्मात्याचा पत्ता, बॅच क्रमांक लिहून घ्या. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत माणसाच्या उंचीचा समावेश आहे, त्यामुळे अशा औषधाची जाहिरातच बेकायदा ठरते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात लेखी द्या, सोबत खरेदीची पावती जोडा आणि डबा फेकू नका. नमुना म्हणून तोच लागतो.